काल्पनिक पात्रांची गाणी : 'गायक' या रकान्यात नाव कोणाचे लिहावे?

नोंदवही (धागालेखक)

गेली काही वर्षे मी चित्रपट, मालिका आणि व्हिडिओ गेम यांतील गाण्यांची सूची हौसेने करत आहे. गीतकार, संगीतकार, वर्ष, अल्बम हे रकाने भरताना सहसा अडत नाही. अडते ते 'गायक' या एकाच रकान्यापाशी, आणि तेही गाणे एखाद्या काल्पनिक पात्राच्या तोंडी असले म्हणजे. अल्बमवर पात्राचे नाव असते, श्रेयनामावलीत त्या पात्राला बोलता आवाज देणाऱ्या कलाकाराचे नाव वर ठळक असते, आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचे नाव शोधायचे तर श्रेयनामावली शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा थांबवत वाचावी लागते.

एक उदाहरण घेतो. १९९८ च्या 'मुलान' या ॲनिमेशनपटात नायिकेचे संवाद मिंग-ना वेन यांनी म्हटले आहेत आणि गाणी ली सालोंगा यांनी गायली आहेत. याच ली सालोंगा १९९२ च्या 'अलादीन'मध्ये जस्मिनसाठी गायल्या, तेव्हा तिचे संवाद लिंडा लार्किन यांचे होते. माझ्या सूचीत मी सुरुवातीला 'मुलान' आणि 'जस्मिन' अशी पात्रांची नावे लिहिली होती. परवा ली सालोंगा यांची गाणी एकत्र काढावीत म्हणून शोध घेतला, तर सूचीने एकही गाणे दाखवले नाही. दोन्ही गाणी सूचीत होती, ती गाणारी बाई मात्र नव्हती. मग मी चिडून दोन्हीकडे पात्राचे नाव खोडले आणि गायिकेचे लिहिले, तेव्हा 'मुलान' या नावाने शोधणाऱ्याला काही सापडेनासे झाले.

२०२५ च्या 'केपॉप डीमन हंटर्स' या ॲनिमेशनपटातील 'गोल्डन' हे गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा त्याच्या श्रेयओळीत आधी काल्पनिक गटाचे नाव आणि त्यापुढे ईजे, ऑड्री नूना आणि रेई आमी या तिघींची नावे होती. त्याच तीन पात्रांचे संवाद म्हणणाऱ्या आर्डेन चो, मे हाँग आणि जी-यंग यू यांची नावे त्या ओळीत नव्हती, आणि ती नसणे मला योग्यच वाटले, कारण त्या गाण्यात त्या नाहीत.

यावरून मी तूर्त असे ठरवले आहे की, अल्बमवर छापलेले नाव जसेच्या तसे एका रकान्यात ठेवायचे, ज्यांच्या गळ्यातून ते ध्वनिमुद्रण आले त्यांची नावे दुसऱ्या रकान्यात लिहायची, आणि केवळ संवाद म्हणणाऱ्या कलाकाराला गाण्याच्या नोंदीत आणायचे नाही. त्याची जागा चित्रपटाच्या नोंदीत. ही पद्धत कुठे कोसळते ते जाणकारांनी दाखवून द्यावे, एवढ्यासाठी हा धागा.

सुरावट

आपल्याकडे हा प्रश्न ॲनिमेशनच्या आधीपासून आहे. १९४९ च्या 'महल'मधील 'आयेगा आनेवाला' या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे मधुबाला यांनी रंगवलेल्या पात्राचे नाव. गाणे लागले की गायिका कोण, अशी विचारणा करणारी पत्रे रेडिओकडे येऊ लागली, आणि त्यानंतर लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांपर्यंत पोहोचले. संगीतकार खेमचंद प्रकाश आणि गीतकार नक्शब यांची नावे झाकण्याची गरज कोणाला वाटली नव्हती, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पात्राच्या नावाआड नेहमी आवाजच जातो, चाल किंवा शब्द जात नाहीत. कारण पात्राने गाणे रचले असे प्रेक्षकाला वाटायला नको असते, पण पात्रच गात आहे असे मात्र वाटायला हवे असते.

या तबकडीमुळे आपल्या पद्धतीतील पहिल्या रकान्याचे महत्त्वही पटते. आज कोणी 'कामिनी' हे नाव चूक समजून सूचीतून पुसून टाकले आणि तिथे लताबाईंचे नाव घातले, तर गायिकेला न्याय मिळाल्यासारखे दिसेल, पण त्या काळी तबकडीवर काय छापले जात होते याचा पुरावाही त्याबरोबर नाहीसा होईल.

नोंदवही

सुरावट, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी छापील नाव ठेवत होतो ते केवळ शोधाच्या सोयीसाठी. ते पुरावा म्हणून ठेवायचे असेल, तर त्यातील चुकाही दुरुस्त न करता ठेवाव्या लागतील.

चित्रकथी

जपानी ॲनिमेशनच्या क्षेत्रात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले आणि ते आता तिथल्या रसिकांच्या अंगवळणी पडले आहे. तिथे 'पात्रगीत' हा एक स्वतंत्र प्रकारच आहे, म्हणजे मालिकेतील पात्राने त्याच्या स्वभावाला धरून गायलेले गाणे, जे पुष्कळदा मालिकेत वाजतही नाही आणि केवळ अल्बमसाठी केलेले असते. त्याचे श्रेय लिहिताना आधी पात्राचे नाव आणि मग कंसात 'सीव्ही' ही अक्षरे लिहून आवाज देणाऱ्या कलाकाराचे नाव देतात. 'सीव्ही' म्हणजे 'कॅरेक्टर व्हॉइस'. एवढ्याशा कंसाने मुखवटाही राहतो आणि माणूसही दिसतो.

तिथे हे सोपे जाते, कारण बोलणारा आणि गाणारा कलाकार बहुधा एकच असतो. 'के-ऑन!' या मालिकेतील मुलींच्या काल्पनिक वाद्यवृंदाचा लघुअल्बम २००९ मध्ये जपानमधील विक्रीच्या ओरिकॉन या साप्ताहिक यादीत पहिला आला, तेव्हा अल्बम त्या काल्पनिक वृंदाच्या नावावर होता, पण गाणाऱ्या त्याच अभिनेत्री होत्या ज्या मालिकेत बोलत होत्या.

खरी कसोटी लागते ती आवाज दोन असतात तेव्हा. 'माक्रॉस फ्रंटियर' या मालिकेत दोन गायिका-पात्रे आहेत. रांका ली हिचे बोलणे आणि गाणे दोन्ही मेगुमी नाकाजिमा यांचे आहे. शेरिल नोम हिचे संवाद आया एंडो यांचे आणि गाणी मेइन यांची आहेत. म्हणून शेरिलच्या ध्वनिमुद्रिकांवर 'शेरिल नोम स्टारिंग मेइन' असे छापले गेले. मला हा शब्दप्रयोग फार आवडतो. एरवी चित्रपटात पात्राच्या भूमिकेत कलाकार असतो. इथे पात्र स्वतःच गायिका असल्याने तिच्या ध्वनिमुद्रिकेत खरी गायिका 'भूमिका' करते असे म्हटले आहे. याउलट २०२२ च्या 'वन पीस फिल्म रेड'मध्ये उता या पात्राचे संवाद काओरी नाझुका यांचे आणि गाणी आदो यांची होती, पण आदो आधीपासूनच लोकप्रिय असल्याने अल्बम त्यांच्या नावावर निघाला आणि उता हे नाव कंसात गेले. म्हणजे कंसाच्या बाहेर कोण आणि आत कोण, हे पुष्कळदा विक्री कोणाच्या नावावर होणार आहे यावरून ठरते. आपल्या सूचीने त्या क्रमातून काही अर्थ काढू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

पडद्यामागची

मी डबिंगमध्ये गाते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते.

एका ॲनिमेशनपटाच्या आपल्या भाषेतील आवृत्तीसाठी मी नायिकेची दोन गाणी गायले. नायिकेचे संवाद दुसऱ्या कलाकार म्हणणार होत्या. त्यांचे मुद्रण आधी झाले होते, म्हणून मला पहिल्या दिवशी गायलाच दिले नाही. त्यांचे संवाद हेडफोनवर ऐकवले आणि त्या आवाजाच्या पट्टीतून गाणे निघाल्यासारखे वाटले पाहिजे असे सांगितले. दुसऱ्या दिवशी एका कानावर मूळ भाषेतील गाणे, दुसरा कान स्वतःचा आवाज ऐकण्यासाठी उघडा, आणि समोर पडद्यावर पात्राचे ओठ. मूळ गाण्यात एका लांब सुरावर पात्राचे तोंड गोल उघडते. आमच्या ओळीच्या शेवटी 'मी' होता. ईकारात तोंड ताणले जाते, त्यामुळे ते चित्राशी जुळेना. गीतकारांनी तिथेच उभ्याउभ्या ओळ फिरवली आणि शेवटी ओकारान्त शब्द आणला. तो सूर मी अकरा वेळा गायले, हे माझ्या वहीत लिहिलेले आहे. गाण्याच्या मधोमध पात्र हसते आणि एक वाक्य बोलते. ते हसू आणि ते वाक्य माझे नाही, ते संवाद म्हणणाऱ्या बाईंचे आहे, आणि ते माझ्या दोन ओळींच्या मध्ये असे बसवले आहे की सांधा मलाही ऐकू येत नाही.

म्हणून नोंदवही यांच्या तिसऱ्या नियमाशी मी सहमत नाही. 'संवाद म्हणणाऱ्याला गाण्याच्या नोंदीत आणायचे नाही' असे सरसकट म्हटले, तर त्या हसण्याला धनी राहत नाही. ज्या ध्वनिमुद्रणाची नोंद करायची ते कान देऊन ऐकावे, त्यात जे जे आवाज असतील त्यांची नावे लिहावीत, आणि प्रत्येकाने काय केले तेही लिहावे.

आता श्रेयाविषयी. चित्रपटाच्या शेवटी आमच्या भाषेतील संवाद-कलाकारांची पाटी होती, गाणाऱ्यांची नव्हती. ते मी सोडून दिले असते. पण गाणी जेव्हा ऐकण्याच्या ॲपवर आली, तेव्हा माझ्या आवाजातील गाण्याखाली गायिका म्हणून मूळ भाषेतील गायिकेचे नाव होते. कोणीतरी मूळ अल्बमची माहिती उचलून तशीच चिकटवली असणार. माझ्या जागी केवळ पात्राचे नाव आले असते, तर मी झाकली गेले असते. इथे मी केलेले काम दुसऱ्या एका खऱ्या बाईच्या नावावर जमा झाले, आणि तिने तो 'ओ' कधी गायलाच नव्हता. संबंधितांना दोनदा लिहिले, उत्तर आले नाही. पात्राचे नाव की गायकाचे नाव, या वादापेक्षा कोणत्या ध्वनिमुद्रणावर कोणाचे नाव, ही चूक मला जास्त बोचते.

चित्रकथी

पडद्यामागची, आपण लिहिलेला प्रकार नीट समजण्यासाठी 'फ्रोझन'मधील 'लेट इट गो' आठवावे. २०१३ च्या मूळ चित्रपटात ते इडिना मेन्झेल यांनी गायले, आणि २०१४ च्या सुरुवातीला डिस्नीने २५ भाषांतील आवाज एकामागोमाग जोडून एक चित्रफीत काढली. पात्र एक, भाषा पंचवीस आणि गायिका अनेक. सूचीत जर 'एल्सा' या पात्राला एकदाच एका गायिकेशी जोडले, तर बाकीच्या भाषांतील गायिकांची नोंद आपोआप चुकते. नाते पात्राशी न जोडता ध्वनिमुद्रणाशी जोडावे, हा आपला मुद्दा यामुळे अधिकच पटतो.

मुखवटा

इथे सगळे एका सुरात बोलत आहेत, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. काल्पनिक गायक ही काही प्रत्येक वेळी गायकावर अन्याय करण्याची युक्ती नसते. पुष्कळदा ती स्वतः कलावंतानेच निवडलेली कल्पना असते. गोरिलाझ हा चार काल्पनिक सदस्यांचा बँड संगीतकार डेमन आल्बर्न आणि चित्रकार जेमी ह्यूलेट यांनी मिळून निर्माण केला, आणि २००१ च्या पहिल्या अल्बमपासून गाणारा म्हणून टू-डी हे पात्र पुढे आले. आवाज आल्बर्न यांचा आहे हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही अल्बमवर त्यांनी स्वतःचे नाव न घालता बँडचे घातले, ते विचारपूर्वक. अशा वेळी सूचीकाराने पुढे सरसावून मुखवटा ओढून काढणे म्हणजे जादूगाराच्या प्रयोगात उभे राहून पत्ता कुठे लपवला आहे ते ओरडून सांगण्यासारखे आहे. नोंदीच्या पोटात काय लिहायचे ते लिहा, पण गाण्याखाली दिसणारे नाव कलावंताने निवडलेलेच असावे.

सुरावट

मुखवटा यांचा मुद्दा गोरिलाझला लागू पडतो, कारण तिथे मुखवटा घालणाराच मुखवट्याचा मालक आहे. सगळीकडे तसे नसते. १९६९ साली 'शुगर, शुगर' हे गाणे बिलबोर्ड यादीत चार आठवडे पहिले होते आणि श्रेय होते 'द आर्चीज' या व्यंगचित्रातील बँडचे. प्रमुख आवाज रॉन डांटे यांचा होता, स्त्री-आवाजांत टोनी वाईन होत्या. मालिकेत आर्ची बोलत असे तो डॅलस मॅकेनन यांच्या आवाजात. त्याच हंगामात 'ट्रेसी' हे आणखी एक गाणे यादीत वर चढत होते, 'द कफ लिंक्स' या नावाने, आणि तेही रॉन डांटे यांनीच गायले होते. एकाच वेळी दोन गाणी गाजत आहेत आणि दोन्हींवर गाणाऱ्याचे नाव नाही, अशी ही स्थिती होती. ती मुखवटे त्यांनी आपल्या कलाविचारातून निवडली असे म्हणणे कठीण आहे.

मुखवट्याचा मालकच गाणारा असण्याचे जुने उदाहरण हवे असेल तर १९५८ चे 'द चिपमंक साँग' घ्यावे. रॉस बॅगडासेरियन यांनी तिन्ही खारींचे (म्हणजे चिपमंक्सचे) आवाज स्वतःच, टेपचा वेग निम्मा करून मुद्रित केले आणि नेहमीच्या वेगाने वाजवले. तबकडीवर चिपमंक्सबरोबर डेव्हिड सेव्हिल हे नाव होते, आणि तेही त्यांचे टोपणनावच. म्हणजे मुखवट्यामागे आणखी एक मुखवटा, पण दोन्ही एकाच माणसाचे, त्यामुळे कोणाचे काही हिरावले गेले नाही.

मुखवटा

'ती मुखवटे' नव्हे, 'ते मुखवटे'. माझ्या नावाचे लिंग बदलल्याबद्दल तक्रार नोंदवून मूळ मुद्दा मान्य करतो. मालक आणि गायक वेगळे असतील तिथे गायकाचे नाव दिसलेच पाहिजे. मात्र दिसण्याच्या क्रमाबाबत माझे म्हणणे कायम आहे.

सुरावट

घाईत झालेली चूक मान्य आहे.

सूचिकार

मी ग्रंथालयात सूचीकरणाचे काम करते. हा वाद आमच्याकडे वेगळ्या रूपात येऊन गेला आहे आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी निकाल लागून झाला आहे. २०१० साली आलेल्या 'आरडीए' या नियमावलीने काल्पनिक पात्रालाही कृतीचा कर्ता म्हणून नोंदवण्याची मुभा दिली. पुस्तकावर उंदराचे नाव लेखक म्हणून छापले असेल, तर उंदीर लेखक. त्याआधीच्या नियमांत हे बसत नव्हते. पुढे २०१७ मध्ये ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 'एलआरएम' हा नवा आराखडा स्वीकारला आणि त्यात कर्ता म्हणजे खरी व्यक्ती किंवा खऱ्या व्यक्तींचा गट, असे पुन्हा पक्के केले. काल्पनिक नाव हे त्या खऱ्या कर्त्याने वापरलेले एक नाव ठरले. नावाला जागा आहे, पण कर्तेपण नाही.

संगीताच्या खुल्या कोशांत याहून मोकळी पद्धत आहे. म्युझिकब्रेन्झमध्ये कलाकारांच्या प्रकारांत व्यक्ती, गट, वाद्यवृंद यांबरोबर 'पात्र' हाही प्रकार आहे. पात्राची स्वतंत्र नोंद करता येते, तिला आवाज देणाऱ्या व्यक्तीशी जोडता येते, आणि ध्वनिमुद्रणावर छापील श्रेय तसेच ठेवून गाणाऱ्या व्यक्तीचे नाते वेगळे नोंदवता येते. नोंदवही यांचे दोन रकाने साधारण हेच करत आहेत.

पात्राला आवाज जोडताना मात्र एक काळजी घ्यावी. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकी मालिकेतील अर्नी या बाहुल्याचे 'रबर डकी' हे गाणे १९७० मध्ये बिलबोर्ड यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत गेले, आणि त्याचे श्रेय 'अर्नी' व कंसात 'जिम हेन्सन' असे होते. हेन्सन यांचाच केर्मिट हा बेडूक-बाहुला १९७९ मध्ये 'रेनबो कनेक्शन' घेऊन त्या यादीत आला. हेन्सन १९९० मध्ये गेले. त्यानंतर केर्मिटचा आवाज स्टीव्ह व्हिटमायर यांचा झाला आणि २०१७ पासून मॅट व्होगल यांचा आहे. केर्मिट एकच आहे, त्याचा हिरवा रंगही तोच आहे, पण 'केर्मिटचा आवाज कोणाचा' या प्रश्नाला वर्ष विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पात्राच्या नोंदीत आवाज लिहायचा तर कधीपासून कधीपर्यंत तेही लिहावे.

कलमबहाद्दर

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण 'श्रेय देणे ही सौजन्याची बाब आहे' असा समज बराच पसरलेला दिसतो. १९९६ मध्ये झालेल्या 'डब्ल्यूपीपीटी' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या कलमाने ध्वनिमुद्रित सादरीकरणाच्या बाबतीत कलाकाराला सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क दिला. हा हक्क आर्थिक हक्कांपासून वेगळा आहे, म्हणजे पैशाचे हक्क लिहून दिले तरी तो कलाकाराकडे राहतो. दृक्श्राव्य सादरीकरणासाठी तसाच हक्क देणारा बीजिंग करार २०१२ मध्ये झाला आणि २०२० च्या एप्रिलमध्ये अमलात आला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात ३८-बी हे कलम आले, त्याचाही गाभा हाच आहे.

पण या तिन्ही ठिकाणी एक पळवाट, किंवा सौम्य शब्दांत एक अपवाद आहे : सादरीकरण ज्या रीतीने वापरले जाते त्या रीतीमुळेच नाव गाळणे भाग पडत असेल, तर ते गाळता येते. एखाद्या जाहिरातीत पाच सेकंद गुणगुणणारे पात्र असेल, तर तिथे नाव लिहायला जागा नसते, हे समजू शकते. 'पात्राचा आभास टिकवायचा आहे' हे कारण त्या अपवादात बसवण्याचा प्रयत्न कोणी केला, तर माझ्या मते तो टिकू नये, कारण आभास पडद्यावर टिकवायचा असतो, अल्बमच्या माहितीच्या पानावर नाही.

पडद्यामागची यांच्या बाबतीत तर आभासाचा प्रश्नच नाही. तिथे दुसऱ्या व्यक्तीचे नाव सादरकर्ता म्हणून दाखवले आहे. मुद्रणाची तारीख लिहिलेली वही, करारपत्र आणि ॲपवरील पानाचे छायाचित्र एकत्र ठेवावे, आणि पुढचे पत्र 'नाव घालावे' अशा विनंतीचे न लिहिता 'चुकीचे नाव काढावे आणि बरोबर नाव घालावे' असे स्पष्ट लिहावे.

पडद्यामागची

आभारी आहे. आधीच्या दोन्ही पत्रांत मी 'शक्य झाल्यास' असे लिहिले होते. ते शब्द काढते.

यंत्रस्वर

आतापर्यंतच्या चर्चेत प्रत्येक पात्रामागे गाणारा माणूस आहे असे गृहीत धरले गेले आहे. हात्सुने मिकू या गाणाऱ्या सॉफ्टवेअर-पात्राचे काय करायचे? ३१ ऑगस्ट २००७ रोजी क्रिप्टन फ्यूचर मीडियाने हे सॉफ्टवेअर विक्रीला आणले. साकी फुजिता या आवाज-कलाकाराने उच्चारलेले ध्वनी मुद्रित करून, यामाहाच्या व्होकलॉइड या तंत्राने त्यांतून हवा तो शब्द हव्या त्या सुरात जुळवता येतो. मिकूच्या नावावर असंख्य गाणी आहेत आणि त्यांपैकी कोणतेही फुजिता यांनी गाणे म्हणून गायलेले नाही. सूर, श्वासाच्या जागा, कंप, हे सारे गाणे रचणाऱ्याने संगणकावर बसून एकेक अक्षर ओढून ठरवलेले असते.

चित्रकथी

तिथल्या प्रथेप्रमाणे श्रेय गाणे रचणाऱ्याच्या नावावर आणि 'फीचरिंग हात्सुने मिकू' असे लिहितात. माझ्या मते मिकूला वाद्यासारखे नोंदवावे. व्हायोलिन घडवणाऱ्या कारागिराचे नाव आपण वादकाच्या रकान्यात लिहीत नाही.

पडद्यामागची

व्हायोलिनची उपमा मला अपुरी वाटते. लाकडाला गळा नसतो. त्या सॉफ्टवेअरमधील 'आ' हा एका विशिष्ट बाईचा 'आ' आहे, आणि तो ऐकून तिला ओळखणारे लोक आहेत. गायिका म्हणून तिचे नाव लिहू नये हे मान्य, पण 'मूळ आवाज' म्हणून ते मिकू या पात्राच्या नोंदीत असलेच पाहिजे. खऱ्या माणसांच्या आवाजावरून कृत्रिम आवाज तयार करणे आता इतके सोपे झाले आहे की हा रकाना आजच आखून ठेवलेला बरा.

नोंदवही

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी सूचीत बदल केले आहेत. छापील श्रेय आता हात न लावता ठेवतो, त्यातील चुकांसह. गाण्याखाली दिसणारे नाव तेच, म्हणजे मुखवटा यांचा क्रम स्वीकारला आहे. त्याखाली त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणात ऐकू येणारे प्रत्येक नाव आणि पुढे 'गायन', 'संवाद' किंवा 'हास्य' अशी भूमिका लिहितो. संवाद-कलाकाराला बाहेर ठेवण्याचा माझा नियम मागे घेतला आहे. भाषांतरित आवृत्ती ही वेगळी नोंद. पात्रांची पाने वेगळी, त्यांवर आवाज आणि वर्षे, आणि मिकूसारख्यांसाठी 'मूळ आवाज'.

नवी पद्धत लावून पाहायला मुद्दाम एक अवघड गाणे घेतले : १९९४ च्या 'द लायन किंग'मधील 'बी प्रिपेअर्ड'. स्कार या खलनायक सिंहाचा आवाज जेरेमी आयर्न्स यांचा. अल्बमच्या श्रेयात त्यांच्यासह वूपी गोल्डबर्ग, चीच मारिन आणि जिम कमिंग्ज यांची नावे आहेत. स्कारबरोबर तीन तरस आहेत, त्यामुळे ही तीन नावे तरसांची असे वाटून वाचणारा पुढे जातो, आणि ते खरेही आहे. कमिंग्ज हे न बोलता नुसत्या हसणाऱ्या एड या तरसाचा आवाज आहेत. पण गाण्याच्या अखेरच्या भागात स्कारही कमिंग्जच गातात. म्हणजे छापील श्रेयात नाव आहे, नावात चूक नाही, आणि तरीही त्या माणसाने केलेले अर्धे काम त्यातून कळत नाही. माझ्या जुन्या सूचीत मी तिथे 'गायक : स्कार' असे लिहून मोकळा झालो होतो.

आता कमिंग्ज यांच्या नावापुढे दोन ओळी आहेत : 'हास्य, एड' आणि 'गायन, स्कार, अखेरचा भाग'. आवाज नेमका कुठे बदलतो ते हेडफोन लावून काल रात्री बऱ्याच वेळा ऐकले. सांधा चांगला घातला आहे.